टिंब बघ

शाहूपुरी, तिसरी गल्ली, पतसंस्थेचा वरचा मजला.
रात्रीचे पावणेबारा.
एसीखाली बादली, बादलीत ठिबक,
खाली रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या
टेप मोठा लावून कारखान्याकडं निघालेल्या,
आणि मुरगूडची शाखा दुपारपासून म्हणतेय,
मॅडम, सर्व्हर घावंना.

सर्व्हर कुठं जाईल?
माझ्या गुडघ्याशी घोंघावतोय.
हरवलंय ते नाव.
यंत्राला आकडे कळतात, माणसाला नावं,
आणि दोघांच्या मध्ये ही एक फाइल,
गल्लीच्या तोंडावरच्या पानवाल्यासारखी.
कोण कुठं राहतं एवढंच तिला ठाऊक.
का राहतं, ते तिनं कधी विचारलं नाही.

फाइल तेरदाळेंच्या हातची.
अर्धविरामापुढचं यंत्र वाचत नाही,
म्हणून अर्धविरामापुढं त्यांनी संसार मांडलेला:
; इथे हात लावू नये
; लावलाच तर अनुक्रमांक वाढवणे, नाहीतर गडहिंग्लज ऐकत नाही
; हा प्रिंटर शेळकेसाहेबांचा, नाव बदलल्यास चिडतात
; आज थोरली पास झाली

वाढवला होता मी अनुक्रमांक.
तारीख, आणि मागं शून्य दोन.
गडहिंग्लजच्या दुय्यमाला तेवढंच लागतं.
आकडा कालच्याहून मोठा दिसला
की सगळी वही नव्यानं उतरवून घेतो.
नाही दिसला, तर तुम्ही जग बदला,
तो कूस बदलत नाही.

महिरपी कंस मोजले. उघडले तेवढे मिटलेत.
सेवा बंद करून चालू केली.
यंत्राची काही तक्रार नाही.
तेच तर वाईट.

शेवटी तेरदाळेंना फोन लावला.
निवृत्तीनंतर कागलजवळ उसाची रोपं करतात, ट्रेमध्ये.
"जागाच हाय," म्हणाले. "लाइट बाराला येती."
सगळं ऐकून घेतलं. मागं पाणी पडत होतं कुठंतरी.
"टिंब बघ,"
आणि ठेवला.

टिंब.
शाळेत गवंडीबाई अनुस्वाराला अर्धा गुण कापायच्या.
इथं एका टिंबापायी
मुरगूडचा दिवसाचा भरणा अडलेला.
नावाच्या शेवटी टिंब दिलं नाही
तर फाइल समजते, नाव अजून अपुरं आहे,
आणि न विचारता मागं घराणं जोडते.
मी लिहिलं होतं ठेव.संस्था.कोल्हापूर
आणि ती सांगत बसली होती
ठेव.संस्था.कोल्हापूर.संस्था.कोल्हापूर,
असा पत्ता उभ्या त्रिभुवनात नाही.

दिलं टिंब. शून्य तीन.
नाव विचारलं, आकडा आला,
जणू काही झालंच नव्हतं.
मुरगूडला मात्र तासभर तरी उमजायचं नाही.
"नाही" हे उत्तरसुद्धा
लोक जपून ठेवतात, मुदत संपेपर्यंत.

तेवढ्यात फाइलच्या माथ्याकडं लक्ष गेलं.
जबाबदार इसम म्हणून तिथं अजून तेरदाळेच.
मी इथं आहे त्याला तीन वर्षं झाली.

रुजू झाले तेव्हा हजेरीपटावर
शिवलीला बसवराज हत्तरकी.
लग्नाची रजा संपवून आले
तर शिवलीला महांतेश पट्टणशेट्टी,
साहेबांनी आपणहून केलेलं, पेढे मागत.
पॅनवर पहिलं, रेशनकार्डावर दुसरं,
विजेच्या बिलावर नुसतं सौ.
कुणीच कधी टिंब दिलेलं नव्हतं.

तेरदाळेंची ओळ पुसली नाही.
तिच्यापुढं एक अर्धविराम ठेवला.
आता यंत्र ती वाचणार नाही,
पुढचं माणूस वाचेल.
खालच्या ओळीत लिहिलं
शिवलीला.संस्था.कोल्हापूर.
सगळं, शेवटच्या टिंबासकट,
कुणी काही जोडायला जागा उरू नये असं.

शून्य चार.
गडहिंग्लजनं मुकाट्यानं उतरवून घेतलं.

बादली काठोकाठ आली होती.
ओतून आले.